न बांधलेल्या घराचे फोटो

उपनगर, नाशिक
३ जून २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तू पोस्टातून रिटायर झालास, पण पोस्ट काही तुझ्यातून रिटायर होत नाही. परवा फोनवर एवढी मोठी बातमी सांगायला घेतली तर म्हणालास, महत्त्वाचं आहे ना, मग लिहून पाठव. तर घे लिहून. तुझी बहीण वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी क्लासला जायला लागली आहे. वहिनीलाही सांग आणि दोघं मिळून एकदाच हसून घ्या.

टाइल्सचं दुकान बंद झालं हे तुला माहीत आहे. इतकी वर्षं मी तिथे बायकांना कॅटलॉगमधल्या बाथरूम दाखवत आले, "ही तुमच्याकडे छान दिसेल ताई" म्हणत. शेवटी शेवटी मला कळलं की त्यातली एकही बाथरूम खरी नव्हती. कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून त्या तयार केलेल्या. फरशीवरचं पाणीसुद्धा खोटं. आधी राग आला, मग वाटलं, आपल्यालाही हे यायला पाहिजे. याला रेंडर म्हणतात. म्हणजे जी खोली अजून बांधलीच नाही तिचा फोटो.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं मॅडम आल्या. मीही घाईघाईत "बसा, बसा" म्हणाले आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. शिकवणारे अमोल सर माझ्याहून निम्म्या वयाचे असतील. पहिल्या आठवड्यात खुर्ची बनवायची होती. माझी खुर्ची जमिनीतून खाली पडली आणि पडतच राहिली. सर म्हणाले, काकू, फरशी द्यायची राहिली.

आता काम असं. तुझ्या नव्या घराचा नकाशा पाठव. मला सरावाला खरं घर मिळेल, तुला फुकटात चित्रं.

तुझी,
संध्या


नामपूर
१४ जून २०२५

चि. संध्यास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझे दि. ३ चे पत्र दि. ९ ला मिळाले. सहा दिवस लागले. आमच्या वेळी असे नव्हते.

नकाशा सोबत जोडला आहे. हॉल, स्वयंपाकघर, आमची खोली, आईची खोली आणि एक जादा खोली. तिला तू पाहुण्यांची खोली समज. भिंती लिंटेलपर्यंत, म्हणजे दारांच्या वरपर्यंत, आल्या आहेत. तू अजून साइट पाहिलेली नाहीस, पण तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून आग्रह करत नाही.

तुझी चित्रं मला सरावासाठी नकोत, गरजेसाठी हवी आहेत. आई नव्या घरात यायला तयार नाही. गेल्या वर्षी गल्लीतल्या संडासाकडे जाताना पडली, तेव्हापासून मी या घराच्या मागे लागलो. हे घर तिच्यासाठीच आहे. आणि आता ती म्हणते, तुम्ही जा, मी इथंच बरी. कारण विचारले तर शेजारच्या धोंडाबाईची सोबत सुटेल म्हणते. धोंडाबाई वर्षातले आठ महिने लेकीकडे कळवणला असते. नकाशा दाखवला तर आई म्हणाली, रांगोळी चांगली काढली आहे.

तिला एकटी टाकून आम्ही दोघे जाऊ शकत नाही. म्हणजे घर बांधून त्याला कुलूप लावायची वेळ येणार. तुझ्या चित्राने तिचे मन वळले तर बघ. चित्र कागदावर मोठे छापून पाठव. मोबाइलवरचे तिला दिसत नाही.

तुझा,
भिकनदादा


नाशिक
७ जुलै २०२५

प्रिय दादा,
जयभीम.

सोबत चार चित्रं. कलर झेरॉक्सवाल्याने विचारलं, मॅडम, हा बंगला कुठे आहे, बुकिंग चालू आहे का? मी त्याला नामपूर म्हटलं तर तो सुट्टे पैसे मोजायला लागला.

मी यासाठी काय सोसलंय ते मलाच माहीत. एक चित्र तयार व्हायला कॉम्प्युटर अख्खा दिवस घेतो. त्याचा पंखा असा घरघरतो की खालच्या मजल्यावरच्या पल्लवीने येऊन विचारलं, ताई, पिठाची गिरणी टाकली का? स्वयंपाकघर तीन वेळा केलं. एकदा ओटा माझ्या छातीपर्यंत आला, एकदा गुडघ्यापर्यंत. सोफा, दिवे, झाडं मी काही बनवलेली नाहीत, ती लायब्ररीतून आयती घ्यायची असतात. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. तिथे सामानाचे ढीग असतात, हवं ते ओढून खोलीत टाकायचं.

आई काय म्हणाली ते लगेच कळव. मला तर वाटतं ती आजच गाठोडं बांधेल.

तुझी कलाकार बहीण,
संध्या


नामपूर
१६ जुलै २०२५

चि. संध्यास,
जयभीम.

चित्रे मिळाली. पाकीट दुमडलेले नव्हते, याबद्दल समाधान आहे. बाकी समाधान नाही.

हॉलच्या खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर आहेत. नामपूरला बर्फ पडल्याची बातमी आमच्यापर्यंत अजून आलेली नाही. हॉलमध्ये एक गोरा माणूस हातात कप घेऊन उभा आहे. आईने विचारले, हा कोण? तिला वाटले घर याला विकले. त्यामुळे ती आता आधीपेक्षाही कमी तयार आहे.

हे सर्व मी सहन केले असते. पण बाथरूमच्या कट्ट्यावर, साबणाशेजारी, तू तथागतांचे मुख ठेवले आहेस. संध्या, तू काय करून बसलीस? आपल्या घरात हॉलच्या मुख्य भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असतात. तिथे तू तीन रंगांचा वाकडा पट्टा लावलास, आणि भगवंतांना नेऊन ठेवलेस बाथरूममध्ये. तुझ्या वहिनीने ते चित्र उलटे करून कपाटात ठेवले. बाबा असते तर जेवले नसते.

तुझा,
भिकनदादा


नाशिक
५ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,
जयभीम.

तुझं पत्र वाचून मी विहारात जाऊन बसले. दर रविवारी वंदनेला जाणारी बाई मी, आणि माझ्याच हातून हे व्हावं. त्या फाइलचं नाव "बाथ डेकोर सात" असं होतं. त्यात साबण, टॉवेल, बांबूची कुंडी, मेणबत्त्या सगळं एकत्र येतं. मी टॉवेलाची घडी बघत राहिले, त्यात ते मुख आहे हे मला दिसलंच नाही. अमोल सरांना सांगितलं तर ते म्हणाले, स्पा लुकमध्ये चालतं काकू. मी म्हटलं, आमच्यात नाही चालत. मग मी पूर्ण वर्गाला अर्धा तास का चालत नाही ते सांगितलं. त्या दिवशी मात्र मी खरंच मॅडम झाले होते. सरांनी ती फाइल वर्गाच्या कॉम्प्युटरवरून काढून टाकली. तरी लाज काही जात नाही, दादा. वहिनीची माझ्याकडून माफी माग.

नवी चित्रं पाठवतेय. हॉलच्या मुख्य भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आपल्या जुन्या घरातल्यासारखेच. खिडकीबाहेर कांदे साठवायची चाळ आहे, ती मी एका नातेवाइकाच्या लग्नाच्या फोटोतून कापून घेतली. नीट बघितलंस तर कोपऱ्यात वरातीतला एक घोडा दिसेल, तो मला काढता आला नाही.

गोरा माणूस गेला. पण खोलीत कुणीतरी उभं करावंच लागतं, नाहीतर खोली केवढी आहे ते कळत नाही, असं सर म्हणतात. लायब्ररीत साडीतल्या बाया शोधल्या. एकच सापडली, ती डोक्यावर घागर घेऊन नाचत होती. शेवटी पल्लवीला गच्चीवर नेऊन माझाच फोटो काढून घेतला, हिरव्या साडीत, आणि तो चित्रात चिकटवला. माझी उंची पाच फूट एक, त्यामुळे मापही बरोबर. तिसऱ्या, पाहुण्यांच्या खोलीत खिडकीपाशी उभी आहे ती मी. तिथे उभी राहिले कारण त्या खोलीत उजेड चांगला होता, बाकी काही नाही.

संध्या


नामपूर
१९ ऑगस्ट २०२५

चि. संध्यास,
जयभीम.

आई तयार झाली.

चित्रे ओट्यावर बसून पाहिली. घोडाही पाहिला. तिसऱ्या खोलीचे चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिले. ही खोली कोणाची, असे तिने विचारले. मी उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिची पत्र्याची पेटी पुसून दाराशी आणून ठेवली. डिसेंबरच्या पौर्णिमेला भंतेजींना बोलावून वंदना करू आणि राहायला जाऊ.

काही माहिती हवी आहे, उलट टपाली कळव. एकट्या बाईमाणसाला कपाट केवढे लागते? कॉम्प्युटरच्या टेबलाची उंची किती ठेवावी? आणि खिडकीतून रस्ता दिसलेला बरा की शेत?

तुझा,
भिकनदादा


नाशिक
२ सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,
जयभीम.

बघितलंस? जे तुला आणि वहिनीला जमलं नाही ते माझ्या चित्राने केलं. मी वर्गात सांगितलं तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. अमोल सर म्हणाले, काकू, क्लायंटला हो म्हणायला लावणं हेच आपलं काम. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. कपाट साडेचार फूट रुंद पुरे. टेबल अडीच फूट उंच, पण तू आता कॉम्प्युटर शिकणार असशील तर आधी मला बघ आणि मग विचार कर. खिडकीतून शेत दिसावं. पण दादा, एक सल्ला देते, आता मी जाणकार आहे. पाहुण्यांच्या खोलीत इतकं मोठं कपाट कशाला? पाहुणे काय संसार घेऊन येणार आहेत? त्यापेक्षा तिथे धान्याच्या कोठ्या ठेव.

आणखी एक आनंदाची गोष्ट. पल्लवीच्या ओळखीने इंदिरानगरला एका फ्लॅटची चित्रं करायचं काम मिळालंय. माझं पहिलं काम. पौर्णिमेला मी येणारच, सकाळच्या गाडीने येते आणि संध्याकाळी परत फिरते, नेहमीसारखी.

तुझी,
संध्या


नामपूर
८ ऑक्टोबर २०२५

संध्याताई,
जयभीम.

तुमचे दादा काही लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. त्यांनी पोस्टात आख्खा जन्म काढला, पण खरी गोष्ट पाकिटात घालायची त्यांना हिंमत होत नाही.

आमच्या आत्याबाई, तुमच्या आई, धोंडाबाईसाठी जुनं घर सोडत नव्हत्या असं नाही. त्या म्हणायच्या, संध्या या दारातून नांदायला गेली. तिकडचं मोडलं तरी ती राहायला आली नाही, पण कधीतरी येईल. आली तर ती याच दारात येईल. मी दुसरीकडं गेले तर तिला कोण दार उघडणार? लय समजावलं. ऐकत नव्हत्या.

मग तुमचं चित्र आलं. त्यांनी विचारलं, ही खोली कोणाची? तुमच्या दादांनी चित्राकडं बघितलं, त्यात तुम्ही उभ्या. ते म्हणाले, संध्याची. बस. त्या दिवसापासून आत्याबाई सगळ्या गल्लीत सांगतात की संध्या राहायला येणार. तुमच्या मापाचं कपाट झालं. टेबल झालं. तुम्ही इकडं लिहिता की धान्याच्या कोठ्या ठेवा.

ताई, मी तुम्हाला या म्हणत नाही आणि नका येऊ असंही म्हणत नाही. माझ्या मनात काही नाही, खोली आहेच. पण तुमचं काम कॉम्प्युटरवरचं, ते नाशिकला काय आणि नामपूरला काय. येणार नसाल तर आत्याबाईंना तुम्ही सांगा. मला ते जमणार नाही.

तुमची,
वहिनी


नाशिक
१७ ऑक्टोबर २०२५

प्रिय वहिनी,
जयभीम.

तुमचं पत्र वाचून आधी दादाचा राग आला. त्याला काय अधिकार होता असं सांगायचा? मग माझी मलाच कीव आली. मला वाटत होतं माझा उजेड, माझा कॅमेरा, माझी कला. आईने त्यातल्या कशालाही हो म्हटलं नव्हतं, तिने फक्त त्यात मी दिसते म्हणून हो म्हटलं. आणि मी वर्गात टाळ्या घेऊन आले.

कामाचं कारण तुम्ही आधीच काढून घेतलंत, तेव्हा खरं सांगते. नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, ये, घर तुझंच आहे. मी म्हणाले, मी परत आलेली लेक म्हणून गल्लीत फिरणार नाही. मोठ्या तोऱ्यात म्हणाले. त्यानंतर आईकडे जेव्हा गेले तेव्हा सकाळी गेले आणि संध्याकाळी निघाले. एक रात्र राहिले तर लोक म्हणतील आलीच शेवटी, याची मला इतकी भीती वाटत आली. अजून वाटते. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईने असं लिहावं हे हास्यास्पद आहे, पण तसंच आहे.

आईला हे पत्र वाचून दाखवा. सांगा, मापासाठी कुणीतरी लागतं म्हणून मी सहज तिथे उभी राहिले होते. मी राहायला येणार नाही. पण ती नव्या घरात जाऊ दे, तिच्या पायांसाठी तरी. मी भेटायला येत राहीन.

तुमची,
संध्या


नामपूर
२ नोव्हेंबर २०२५

संध्याताई, आत्याबाई त्यांच्या अहिराणीत सांगतात तसं लिहिते. माझ्या हातून थोडं शहरी होईल.

संध्या, माझे डोळे गेले, डोकं गेलं नही. ते चित्र शे हे माले कळतं. बर्फाचे डोंगर पण चित्रच होते, मी काय त्याच्यासाठी स्वेटर काढलं का?

तू म्हणते मापासाठी सहज उभी राहिली. मग हॉलमध्ये का नही राहिली? स्वयंपाकघरात का नही? एवढं मोठं घर शे. त्यातली जी खोली कोणाचीच नव्हती, बरोबर तिथंच जाऊन उभी राहिली. मी तुले बोलावलं नव्हतं. भिकननं बी नही. तू आपल्या पायानं आत गेली. आता मी तुले बाहेर हो कसं म्हणू?

ज्या लोकांले तू भ्यायची, त्यातले निम्मे मरून गेले. बाकीच्यांले ऐकू येत नही.

तुले यायचं नसेल तर नको येऊ, मी रागावणार नही. पण मग मी बी नही जात. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्या माणसाले हेच घर बरं. पेटी मी परत आत नेली शे.

(ताई, पेटी त्यांनी खरंच आत नेली. मी हात लावायला गेले तर लावू दिला नाही. वहिनी.)


नाशिक
११ नोव्हेंबर २०२५

आई,
जयभीम.

हे पत्र वहिनी वाचत असतील. वहिनी, मधे थांबू नका.

तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. दादाला मी कारण दिलं होतं की त्या खोलीत उजेड चांगला होता. आई, या कामात उजेड आपणच पाडायचा असतो. ऊन कुठून आणायचं, किती आणायचं, सगळं माझ्या हातात होतं. हॉलमध्येही तेवढाच पाडता आला असता. मी तो तिसऱ्या खोलीत पाडला आणि मग जाऊन त्यात उभी राहिले. हे मला तू विचारेपर्यंत कळलं नाही. पैसे भरून क्लास लावला तिथे कुणी असलं काही विचारलं नाही.

मला भीती वाटते ती वाटतेच आहे. ती गेल्यावर यायचं ठरवलं तर तू शंभर वर्षांची होशील. म्हणून ती घेऊनच येते. क्लासची परीक्षा नोव्हेंबर संपता संपता आहे. ती झाली की इथली खोली सोडते. इंदिरानगरचं काम तिकडून करीन. दादाला सांग, त्या टेबलाजवळ विजेचे दोन पॉइंट जास्त घ्यायचे, आणि धान्याच्या कोठ्या मी म्हटलं म्हणून आणल्या असतील तर त्या दुसरीकडे हलवायच्या. वहिनींना सांग, आयता स्वयंपाक खायला येत नाहीये, पण मला भाकरी थापता येत नाही हे त्यांनी आताच माहीत करून घ्यावं.

आता तुझ्याकडे एक मागते. पौर्णिमेची वाट बघू नकोस. पेटी बाहेर काढ आणि आधी तू तिथे राहायला जा. मला घ्यायला स्टँडवर कुणाला पाठवू नका. मी सामान रिक्षात घालून सरळ नव्या घरी येईन आणि कडी वाजवीन.

दार तू उघड.

तुझी,
संध्या